सड्यावरच्या डबक्यातले 'गवत': हे आयसोइटिस आहे का, आणि असल्यास त्याचे काय करावे?

प्रश्न : कातळकर

नमस्कार. रत्नागिरी जिल्ह्यातील आमच्या गावाच्या डोक्यावर जांभ्या दगडाचा मोठा सडा आहे. त्यातला एक तुकडा आमच्या घराण्याच्या वाट्याला असून सातबाऱ्यावर त्याच्यापुढे 'पोटखराबा' एवढीच नोंद आहे. पावसाळ्यात कातळातल्या खळग्यांत पाणी साचते आणि त्यांच्या कडेने सीतेची आसवे, गेंद वगैरे नेहमीची मंडळी उगवतात. ती मला ओळखता येतात. या वर्षी मात्र जेमतेम वीतभर खोल असलेल्या एका डबक्यात मला एक निराळाच झुबका दिसला. पाने वीतभर लांब, गोलसर, टोकाला सुईसारखी निमुळती आणि सगळी एकाच बुडातून निघालेली होती. मधून तुरा नाही, कळी नाही, देठ नाही. श्रावणात पाहिले तेव्हा नव्हते आणि भाद्रपदात पुन्हा पाहिले तेव्हाही नव्हते. आमच्या गावात याला 'पाण्यातले गवत' यापलीकडे नाव नाही. एका परिचिताने छायाचित्र पाहून 'आयसोइटिस' हा शब्द सुचवला.

खरे तर हीच वनस्पती मी गेल्या वर्षीही पाहिली असावी, कारण तेव्हा तसाच एक झुबका मुळासकट काढून घरी आणला होता आणि टबात चांगली माती, थोडे शेणखत व विहिरीचे पाणी घालून लावला होता. पंधरा दिवसांत पाणी हिरवेगार झाले, पाने बुडापासून एकेक सुटून वर तरंगू लागली आणि खाली उरलेला कंद बोटाने दाबल्यावर लिबलिबीत लागला. इतके लाड करूनही ते का मेले, हे मला अजून कळलेले नाही.

आता विचारण्याचे तातडीचे कारण सांगतो. माझ्या चुलतभावाचा त्या तुकड्यावर सुरुंगाने खड्डे पाडून, बाहेरून माती आणून हापूसची कलमे लावण्याचा बेत आहे. जमीन नुसती पडून आहे, हे त्याचे म्हणणे चुकीचे आहे असे मला ठामपणे म्हणता येत नाही. एका डबक्यातल्या झुबक्यासाठी त्याला अडवावे, इतके या वनस्पतीत काही आहे का?

उत्तर १ : निवृत्त प्राध्यापिका

कातळकर, छायाचित्र न पाहता नाव सांगणे योग्य नाही, पण आपण केलेले वर्णन आयसोइटिसशी चांगले जुळते. खात्री आपल्याला स्वतःलाच करता येईल आणि त्यासाठी झुबका उपटण्याची काहीही गरज नाही. सर्वांत बाहेरचे एकच पान धरा, बोट बुडाशी न्या आणि पान बाजूला सारत अलगद सोडवून घ्या. गवताचे किंवा लव्हाळ्याचे पान असेल तर बूड आवरणासारखे खोडाला गुंडाळलेले निघेल. आयसोइटिसचे असेल तर बूड चमच्यासारखे रुंद, पांढरे आणि आतल्या अंगाला फुगीर असेल. त्या फुगवट्यात बीजाणुधानी, म्हणजे बीजाणूंची पिशवी, असते आणि तिच्यावर बहुधा एक पातळ पडदा अर्धवट ओढलेला असतो. तिच्या लगेच वर, भिंग असल्यास, एक इवलीशी त्रिकोणी जिभली दिसेल. त्यानंतर पान मधोमध ब्लेडने आडवे कापा. चार हवेच्या नळ्या चौकटीसारख्या दिसल्या आणि त्यांच्या मध्ये एकच बारीक शीर असली, तर शंकेला जागा उरत नाही.

फूल दिसत नाही याचे कारण साधे आहे : ही सपुष्प वनस्पती नाहीच. दिसायला गवतासारखी असली तरी नात्याने ती गवतापासून फार दूर आहे, आणि नेच्यांपासूनही दूरच आहे. लायकोपोडियम आणि सेलाजिनेला हे तिचे आज हयात असलेले भाऊबंद. आम्ही शिकवत असताना या सर्वांना 'नेच्यांचे सोबती' अशा एका गाठोड्यात बांधत असू. ते गाठोडे आता सुटले आहे, कारण नेचे हे या गटापेक्षा सपुष्प वनस्पतींना अधिक जवळचे आहेत असे ठरले आहे.

जगात आयसोइटिसच्या सुमारे दोनशे ते अडीचशे जाती मानल्या जातात, आणि महाराष्ट्राला त्यात चांगले स्थान आहे. पाचगणीच्या पठारावरून शेंडे यांनी १९४५ मध्ये आयसोइटिस दीक्षिती ही जात वर्णिली. आणखी एका जातीच्या नावातच पाचगणी आहे, तर पुण्याचे वनस्पतिशास्त्रज्ञ महाबळे यांनी एका जातीला सह्याद्रीचे नाव दिले. आपल्याकडे सखल भागात सर्वांत जास्त आढळणारी आयसोइटिस कोरोमांडेलिना मात्र धाकट्या लिनिअसने, म्हणजे प्रसिद्ध वनस्पतिशास्त्रज्ञ लिनिअसच्या मुलाने, अठराव्या शतकातच नोंदवली होती. तिच्या कंदाला तीन खोबणी असतात. तरीही केवळ पानांच्या लांबीवरून किंवा कंदावरून जात ठरवू नका. या वंशात पाने एकमेकांसारखी आणि बीजाणूंवरील नक्षी वेगवेगळी असा प्रकार आहे, त्यामुळे जातीचा निकाल शेवटी सूक्ष्मदर्शकाखालीच लागतो.

कातळकर

बाई, आपण सांगितल्याप्रमाणे आज सकाळी एकच पान सोडवले. बूड अगदी नखाएवढे रुंद आणि हस्तिदंती पांढरे आहे. ते घरी आणून काळ्या पाटीवर सुईने फोडले, तेव्हा आतून रव्यासारखे, पण रव्याहून गोल असे पांढरे दाणे सांडले. माझ्या पत्नीने ते खसखस समजून विचारले की हे कुठून आले. थोड्या आतल्या अंगाचे दुसरे पान फोडले तर त्यात दाणे नव्हते, नाचणीच्या पिठासारखी भुकटी होती. हे दोन वेगवेगळे रोग आहेत की दोन वेगवेगळ्या वनस्पती? पान कापल्यावर चार नळ्या मात्र स्पष्ट दिसल्या.

उत्तर २ : निवृत्त प्राध्यापिका

अभिनंदन, हे आयसोइटिसच आहे, आणि रोग तर मुळीच नाही. रव्यासारखे दाणे म्हणजे महाबीजाणू. ते साधारण पाव ते पाऊण मिलिमीटरचे असतात, म्हणून नुसत्या डोळ्यांनी मोजता येतात. भुकटी म्हणजे लघुबीजाणू, जे एकेका बीजाणुधानीत लाखांनी असतात. बहुतेकदा बाहेरच्या पानांत पहिले आणि आतल्या पानांत दुसरे, अशी वाटणी असते. महाबीजाणूच्या आतच मादी पिढी वाढते, लघुबीजाणूतून अनेक कशाभिका (पोहण्याचे शेपटीसारखे धागे) असलेले पुंबीजुके, म्हणजे नर पेशी, बाहेर पडतात आणि पाण्याच्या पातळ थरातून पोहत तिच्यापर्यंत पोहोचतात. बी नसलेल्या वनस्पतीने बीजाच्या दिशेने अर्धी वाट चालून तिथेच मुक्काम ठोकावा, असा हा प्रकार आहे. पान कुजल्याशिवाय बीजाणू सुटत नाहीत, तेव्हा दसऱ्यानंतर डबके आटू लागल्यावर पाने पिवळी पडून मरताना दिसली तर घाबरू नका. चिखलाखालचा कंद पुढच्या पावसापर्यंत तसाच राहतो.

उत्तर ३ : वऱ्हाडी

माझ्या वाचनात असे आले आहे की दगडी कोळसा ज्या जंगलांपासून झाला ती जंगले याच्याच पूर्वजांची होती. मी चंद्रपूरचा असल्याने मला या गोष्टीचे विशेष कौतुक वाटले. म्हणजे आमच्या खाणीतला कोळसा आणि कातळकरांच्या डबक्यातले गवत हे एकाच घराण्यातले म्हणायचे का?

उत्तर ४ : प्रागवासी

मी मूळचा साताऱ्याचा असून सध्या चेकियात गोड्या पाण्यातील वनस्पतींवर काम करतो. आधी वऱ्हाडी यांच्या प्रश्नाचे उत्तर देतो, कारण ही समजूत अर्धी बरोबर आणि अर्धी चुकीची आहे. युरोप व उत्तर अमेरिकेतील कोळशाचे मोठे साठे कार्बनी कल्पातील, म्हणजे सुमारे ३६ ते ३० कोटी वर्षांपूर्वीचे आहेत, आणि त्या दलदलींत लेपिडोडेंड्रॉन व त्याचे सगेसोयरे हे तीस मीटरहून उंच वाढणारे वृक्ष खरोखरच मुख्य होते. ते आयसोइटिसच्या शाखेचेच. चंद्रपूरचा, म्हणजे वर्धा खोऱ्यातला कोळसा मात्र त्यानंतरच्या पर्मियन काळातील गोंडवनाचा आहे, आणि त्यात मोठा वाटा ग्लॉसोप्टेरिस या बीजधारी वनस्पतींचा आहे. तेव्हा घराणे एक नाही.

या नात्याचा सर्वांत चांगला पुरावा जमिनीखाली आहे. त्या प्रचंड वृक्षांना आपल्या वडापिंपळासारखी मुळे नव्हती. त्यांचे बूड दुभंगत जाऊन पसरलेले असे आणि त्यातून चहूबाजूंनी बारीक मुळ्या निघत. आयसोइटिसच्या कंदातून निघणाऱ्या मुळ्या त्याच घडणीच्या आहेत : आत पोकळी, एका बाजूला सरकलेली एकच शीर, आणि टोकाशी दोनात दोन असे फाटे. त्या जीवाश्म मुळ्यांना असे अनेक पदरी फाटे होते आणि त्यांवर मूलरोमही होते, हे २०१६ मध्ये जुन्या काचपट्ट्यांचा पुन्हा अभ्यास करून दाखवले गेले. मधल्या काळातला दुवा म्हणून प्ल्युरोमिया ही नामशेष वनस्पती पाहावी. पर्मियनच्या अखेरीस झालेल्या महाविनाशानंतर ट्रायासिक काळाच्या आरंभी ती अनेक खंडांवर पसरली होती. तिला फांद्या नव्हत्या, एकच सरळ खोड होते आणि उंची माणसाच्या आसपास होती. म्हणजे वृक्ष, मग काठी, मग झुबका. तरीही 'जिवंत जीवाश्म' हा शब्द मी टाळतो, कारण आजच्या जाती म्हणजे खुजे झालेले लेपिडोडेंड्रॉन नव्हेत. याच वंशातल्या जातींनी आपापसात संकर केले आहेत, अकराच्या पटीत गुणसूत्रे वाढवली आहेत, आणि आजही त्या नव्या जाती घडवत आहेत.

आता कातळकरांच्या टबाकडे येतो, कारण माझ्या मते सगळ्या प्रश्नांची किल्ली तिथे आहे. आपण तिला खाऊ घालून मारलेत. हा दोष आपल्या एकट्याचा नाही. प्रयोगशाळेत पहिल्या वर्षी मीही नेमके हेच केले होते.

पाण्यातील वनस्पतीची मोठी अडचण प्रकाशाची किंवा खताची नसून कार्बन डायऑक्साइडची असते. हा वायू हवेच्या तुलनेत पाण्यात सुमारे दहा हजार पट सावकाश पसरतो. कातळावरच्या उथळ डबक्यात सकाळी ऊन पडले की शेवाळ आणि इतर वनस्पती होता नव्हता तेवढा वायू काही तासांत संपवतात. दुपारी तिथे अन्न बनवायला ऊन भरपूर असते आणि कच्चा माल जवळजवळ नसतो. रात्री मात्र सर्वांचे श्वसन चालू राहून तोच वायू पुन्हा साठतो. आयसोइटिसने काढलेली तोड अशी, की इतरांचे दुकान बंद असताना रात्री माल भरून ठेवायचा. ती रात्री कार्बन डायऑक्साइड घेते, त्याचे मॅलिक आम्ल करून पेशींत साठवते आणि दिवसा ते मोडून आतल्या आत वापरते. हाच मार्ग निवडुंग आणि पानफुटी वापरतात, पण त्यांचा हेतू पाणी वाचवण्याचा असतो. पाण्यात बुडालेल्या वनस्पतीतही तोच मार्ग असावा, ही कल्पना कोणी केली नव्हती. कॅलिफोर्नियातील हंगामी डबक्यांमध्ये वाढणाऱ्या आयसोइटिस हॉवेलाय या जातीत जॉन कीली यांनी १९८१ मध्ये ती दाखवून दिली. तीच पाने पाणी ओसरून उघड्या हवेत आली की हा रात्रपाळीचा धंदा सोडून देतात आणि साध्या पर्णरंध्रांनी काम करू लागतात, हेही त्यांनी दाखवले.

दुसरी तोड मुळांची. थंड, नितळ सरोवरांत राहणाऱ्या जाती कार्बन डायऑक्साइडचा मोठा हिस्सा तळाच्या गाळातून मुळांवाटे घेतात आणि पानांतल्या त्या चार नळ्यांतून तो वर चढवतात. पेरूच्या अँडीज पर्वतात, चार हजार मीटरच्या आसपास वाढणाऱ्या एका जातीला तर पर्णरंध्रेच नाहीत. जमिनीवर राहूनही ती आपला कार्बन मुळांनीच घेते. त्याच नळ्यांतून उलट दिशेने प्राणवायू खाली उतरतो आणि मुळांभोवतीचा गाळ श्वास घेता येण्याजोगा ठेवतो.

आता टबात काय घडले ते पाहा. शेणखतामुळे शेवाळ माजले, प्रकाश अडला, खालच्या मातीतला प्राणवायू कुजण्यात संपला आणि मुळ्या गुदमरल्या. ही वनस्पती गरिबीत राहायला शिकलेली आहे. तिची वाढ इतकी सावकाश असते, की पाणी सकस झाले की तिला कोणीही मागे टाकते.

कातळकर

प्रागवासी, पानफुटीचा उल्लेख वाचून आठवले, की लहानपणी आमची आजी सकाळी पानफुटीचे पान चघळायला देई तेव्हा ते आंबट लागे, आणि संध्याकाळी त्याच झाडाचे पान मुळमुळीत लागे. आम्ही ते आजीच्या हाताला लावलेल्या चिंचेचे श्रेय समजत होतो. मग आयसोइटिसचे पानही पहाटे आंबट लागेल का?

उत्तर ५ : प्रागवासी

आजींचे निरीक्षण बरोबर होते. भारतात काम केलेल्या बेंजामिन हाइन यांनी १८१५ च्या सुमारास पानफुटीच्या पानांची हीच चव इंग्लंडला कळवली होती : सकाळी आंबट, दुपारी बेचव, संध्याकाळी किंचित कडवट. आयसोइटिसच्या बाबतीत तत्त्व तेच आहे. पण डबक्यातले पान तोंडात घालू नका. गुरे त्याच पाण्यात उतरतात. करायचेच असेल तर पहाटे एक आणि दुपारी तीन वाजता एक असे बाहेरचे पान वेगवेगळ्या वाटीत थोड्या स्वच्छ पाण्यात चिरडा आणि शाळेतली आम्लता मोजण्याची कागदी पट्टी बुडवून पाहा. दोनच पाने पुरेत.

उत्तर ६ : बागायतदार

मी स्वतः कलमे लावणाऱ्यांपैकी आहे, म्हणून दुसरी बाजू मांडतो. वनस्पती इतकी दुर्मीळ असेल तर चार झुबके काढून एखाद्या वनस्पती उद्यानात किंवा घरच्या सिमेंटच्या हौदात, शेणखत न घालता, वाढवता येणार नाहीत का? कोकणात पोटखराबा सोडून नवी जमीन उरली कुठे आहे? शास्त्रज्ञांनी प्रत्येक डबक्याला पवित्र ठरवले तर आम्ही खायचे काय, असा प्रश्न कोणी विचारला तर तो उद्धटपणाचा मानू नये.

उत्तर ७ : निवृत्त प्राध्यापिका

प्रश्न उद्धटपणाचा नाही, पण हौद हे त्याचे उत्तर होत नाही. उद्यानात चार झुबके जगवणे शक्य आहे आणि विमा म्हणून ते करावेही, फक्त ते परवानगीने आणि जाणकारांच्या हातून व्हावे. हौदात नसते ते डबक्याचे वर्षभराचे वेळापत्रक : जूनमध्ये भरणे, उन्हाने रोज तापणे व निवणे, दसरा-दिवाळीच्या सुमारास आटणे आणि मग सहा-सात महिने भट्टीसारख्या कातळात कोरडे पडणे. या वेळापत्रकामुळेच तिथे उंच गवत आणि झुडपे टिकत नाहीत व आयसोइटिसला जागा मिळते. बाहेरची माती टाकली की खळगा बुजतो. आणि खळगा न बुजवता फक्त शेजारी कलमे लावली तरी त्यांचे खत पावसाबरोबर उतारावरून त्यातच उतरते, म्हणजे कातळकरांचा टब मोठ्या प्रमाणावर पुन्हा भरतो. चिरेखाणीने तर खळगाच उचलून नेला जातो. पाचगणीच्या पठारावर घोड्यांच्या टापा आणि पर्यटकांची पावले हा वेगळा त्रास आहे. हल्ली आणखी एका गोष्टीची मला भीती वाटते, ती म्हणजे सड्यांवर खड्डे खणून केले जाणारे वृक्षारोपण. उघडा कातळ म्हणजे ओसाड कातळ, असे मानणाऱ्या सद्भावनेने कधीकधी सुरुंगाइतकेच नुकसान होते.

उत्तर ८ : प्रागवासी

बाईंच्या म्हणण्याला दोन उदाहरणे जोडतो. तैवानमध्ये आयसोइटिस तैवानेन्सिस ही जात यांगमिंगशान राष्ट्रीय उद्यानातील एकाच लहानशा तळ्यात नैसर्गिकरीत्या आढळते. तिचा संपूर्ण जनुकसंच २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला आणि रात्रपाळीच्या रसायनशास्त्राविषयी त्यातून पुष्कळ नवे कळले. पण तळ्याची पातळी उतरली आणि जमिनीवरचे गवत आत सरकले की त्या सगळ्या माहितीचा झुबक्याला काही उपयोग होत नाही. तिथे राखण पाण्याची पातळी आणि गवत या दोन गोष्टींचीच करावी लागते.

दुसरे उदाहरण माझ्या कामाच्या जवळचे, आणि त्यात थोडा दिलासा आहे. इथल्या बोहेमियन अरण्यातील चेर्ने येझेरो या हिमनदीने कोरलेल्या सरोवरात आयसोइटिस लॅकस्ट्रिस आहे आणि प्लेश्ने येझेरो या दुसऱ्या सरोवरात आयसोइटिस एकिनोस्पोरा. विसाव्या शतकात कारखान्यांच्या धुरातील गंधक व नायट्रोजनमुळे ही सरोवरे आम्लधर्मी झाली आणि आसपासच्या मातीतले ॲल्युमिनियम विरघळून पाण्यात आले. मोठी झाडे तगून राहिली. मात्र बीजाणूंतून नवी रोपे उभी राहणे काही दशके जवळजवळ थांबले, कारण ॲल्युमिनियमने कोवळ्या मुळ्यांची वाढ खुंटत होती. बाहेरून पाहणाऱ्याला सरोवर हिरवेच दिसे, पण ते गाव फक्त म्हाताऱ्यांचे उरले होते. धूर आटोक्यात आल्यावर पाणी हळूहळू सुधारले आणि प्लेश्नेमध्ये पुन्हा बाळरोपे दिसू लागली. त्या म्हाताऱ्या झाडांनी मधली वर्षे काढली नसती, तर सुधारलेल्या पाण्याला भेटायला कोणी उरले नसते.

म्हणून कातळकर, डबक्यात झुबके किती आहेत एवढेच मोजू नका. दोन-तीन पानांची, बोटाच्या पेराएवढी रोपे आहेत का ते पाहा. ती असतील तर वस्ती नांदती आहे.

उत्तर ९ : निवृत्त प्राध्यापिका

आणि चुलतभावाशी बोलताना सगळा सडा मागू नका. पाणी साचणारे खळगे आणि ज्या उतारावरून त्यांत पाणी येते तेवढा कातळ सोडावा, कलमे खालच्या बाजूला, जिथे मुळात थोडी माती आहे तिथे लावावीत, असे मागणे मला व्यवहारी वाटते. तिथे सुरुंगाचा खर्चही वाचेल. जैवविविधता कायदा २००२ प्रमाणे ग्रामपंचायतीत जैवविविधता व्यवस्थापन समिती असते आणि लोक जैवविविधता नोंदवही असते. आपल्या गावची नोंदवही मागून पाहा. तिच्यात आंबा, काजू, वड, पिंपळ असतीलच. डबक्यांची नोंद नसेल तर ती करण्याचा अर्ज द्या. मात्र सार्वजनिक ठिकाणी, या धाग्यावरही, डबक्याचा नेमका ठावठिकाणा लिहू नका. हौशी संग्राहक आपल्याकडेही आहेत.

कातळकर

आपणा सर्वांचा आभारी आहे. काल संध्याकाळी भावाला घेऊन वर गेलो. पाटीवरचे दाणे दाखवल्यावर त्याने पहिला प्रश्न विचारला की हे विकले जातात का, आणि नाही म्हटल्यावर तो बराच वेळ गप्प राहिला. नंतर मात्र उतार कुठून कुठे जातो हे पाहायला तोच माझ्याआधी निघाला, कारण पाण्याची वाट त्याला माझ्यापेक्षा चांगली कळते. वरचे तीन खळगे एकाच ओहळाने जोडलेले आहेत, हे त्यानेच दाखवले. कलमांचे अजून ठरलेले नाही. दिवाळीनंतर मोजणी करून बोलू, असे तो म्हणाला.

मोठे झुबके एकूण एकोणीस भरले. लहान रोपे पहिल्या डबक्यात एकही नाही, दुसऱ्यात चार, आणि तिसऱ्यात, जिथे गुरे उतरत नाहीत, तिथे मोजता मोजता अंधार पडला. कागदी पट्ट्या शाळेतून आणल्या आहेत. पहाटेचे पान उद्या काढतो.